नसीमला धुळ्याला पोचवलं त्याची हकीकत

मुलांनो, मनमाडला गाडी बदलून मी जळगावला उतरले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. थंडी कडक होती. मालधक्क्यावर केळीचे हिरवे घड वॅगनींत भरले जात होते. माझ्या धाकट्या बहिणीचे, जमिलाचे, यजमान हमीदभाई हाच धंदा करतात.

त्यांची मुलगी नसीम हिला धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. हमीदभाई म्हणत, जायचं तर चेहरा झाकून. दवाखान्याचं म्हणणं, चेहरा झाकून वॉर्डात काम होत नाही. "आपा, तुझं इंग्रजी कुराण घेऊन ये," असं जमिलाने लिहिलं, म्हणून मी दोन भाषांतरं घेऊन निघाले. बुरखा मी कधीच सोडला, हे तुम्ही जाणताच. खरं सांगते, मी जिंकायलाच आले होते.

तो शनिवार होता. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) इतकी जेवले, की वाद घालायची शक्ती उरेना. तरी चार वाजता आम्ही ओट्यावर बसलो. हमीदभाईंनी आपला उर्दू अर्थग्रंथ उघडला आणि थेट बायकांच्या पोशाखावर बोट ठेवलं.

"थांबा," मी म्हटलं. "क्रमाने वाचू. आधीची आयत (कुराणातलं वचन) पुरुषांना आहे. नजर खाली ठेवा म्हणते."

"आपा, तुम्ही अजून मास्तरीणच!"

"आणि तुम्ही पान उलटणारे विद्यार्थी."

दाराआड नसीम खुदकन हसली.

पुढच्या आयतीचा आशय असा: बायकांनीही नजर खाली ठेवावी, ओढणी छातीवरून घ्यावी आणि आपली शोभा दाखवू नये, जी आपोआप दिसते तेवढी सोडून. 'आपोआप दिसते' म्हणजे काय, तिथेच आमचं अडलं. माझी दोन्ही पुस्तकं म्हणत, चेहरा आणि हात. त्यांचा ग्रंथ म्हणे, वरचं वस्त्र फक्त. दोन्हीकडे मोठमोठे आलिम (धर्मपंडित). चहा दोनदा झाला, तरी कोणी मागे सरकेना.

हमीदभाईंच्या आई, ऐंशीच्या अम्मा, उन्हात बसून बोरं निवडत होत्या. हयातभर त्यांनी डोक्यावर पदर घेऊन शेतात कापूस वेचला. घरात पैसा आल्यावर मुलाने त्यांना हजला नेलं. त्या अहिराणीत म्हणाल्या, "हमीद, हजमा बठ्ठ्या बायास्नं तोंड उघडं व्हतं. तूच माले लई गयथा ना?" (सगळ्या बायकांचं तोंड उघडं होतं. तूच मला घेऊन गेला होतास ना?)

"अम्मा, तो एहरामचा नियम." (हजच्या व्रतात बायकांनी चेहरा झाकायचा नसतो.)

"मंग तठला माणसं काय आंधया व्हतात?" (मग तिथली माणसं काय आंधळी होती?)

जमिलाने पदर तोंडात कोंबला. हमीदभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्यांनी हाक मारली, "नसीम, इकडे ये. तू काय करशील?"

आम्ही दोघांनी तीन पुस्तकांतली मतं मांडली होती. तिला कोणीच विचारलं नव्हतं.

नसीम म्हणाली, "अब्बा, वॉर्डात चेहरा उघडा ठेवीन. आजारी माणसाला औषध देणारी दिसायला पाहिजे. रस्त्याने मात्र बुरखा घालीन."

"अगं, कशाला?" हे मी म्हटलं. हमीदभाई नव्हे!

"खाला, मला त्यात बरं वाटतं. तुम्ही सोडलात तेव्हा कोणाला विचारलं होतं?"

मी दोन्ही पुस्तकं मिटली. हमीदभाई मात्र पोट धरून हसले. "घ्या आपा! शोधा आता याचं उत्तर दोन्ही पुस्तकांत." मग हसू आवरून ते तिला म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी जायचं."

सोमवारी आम्ही तिघं एस.टी.ने निघालो. पारोळ्याच्या अलीकडे खड्ड्यात गाडी उडाली आणि एका आजीबाईंची पेरूची पाटी आमच्यावर उलटली. पेरू वेचता वेचता नसीमचा बुरखा बाकाच्या खिळ्यात अडकून टरकन फाटला. हमीदभाईंनी स्वतःच्या शालीची सेफ्टी पिन काढून तो सांधला.

दवाखान्यात अर्ध्या तासाने नसीम पांढऱ्या साडीत बाहेर आली, चेहरा उघडा. हमीदभाई पाहतच राहिले. "हुबेहूब अम्मा दिसतेय," एवढंच बोलले आणि फॉर्मवर सही करायला गेले.

परतताना मी धुळ्याहून चाळीसगावची पॅसेंजर धरली. समोरच्या बाईंनी विचारलं, "कुठे गेला होता?"

"भाचीला पोचवायला."

"सासरी?"

"नाही हो, शिकायला. आमची नसीम नर्स होणार आहे."

"नसीम? म्हणजे तुम्ही मुसलमान ना? मग बुरखा घालते का?"

"ते तिचं ती ठरवते."

मुलांनो, हे उत्तर घरून निघताना मला देता आलं नसतं. तेव्हा मी ठामपणे 'नाही' म्हटलं असतं.