तव्यावरची पिवळी माती

समुद्रपूरचे निवृत्त चित्रकला शिक्षक अण्णाजी म्हणजे दूध चांगलं आहे ना, हे बघायला पातेलं संपवणारा माणूस. हिंगणघाटच्या प्रदर्शनासाठी कपाशीची पिवळी फुलं रंगवायची, म्हणून त्यांनी रंगासाठी पिवळी माती मागवली. अस्सल माती भाजली की लाल होते, नकली काळी पडते. परीक्षेला चिमूटभर पुरली असती. पण उरलेल्या मातीत भेसळ असली तर? अण्णाजींनी अख्खी पिशवी पोळ्यांच्या तव्यावर ओतली. सगळी माती लाल झाली.

"अस्सल हाये!" अण्णाजी आनंदानं ओरडले.

"अन् आता पिवळी फुलं कायनं रंगवता जी?" त्यांच्या पत्नी रुख्माबाईंनी विचारलं.

अण्णाजींनी तव्यावरची लाल माती वाटीत काढली.

"कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी लाल होते. तुले माहीत नाई का?"

चित्र प्रदर्शनात लागलं. नाव होतं, 'कपाशी: दुसरा दिवस'.