लालसरी गेल्या की बघू

ताई गेली त्याला सहा आठवडे झाले. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी नुकताच नवा रायपूरच्या ऑफिसात पोचलो होतो... रडू नंतर आलं, आधी आला तो राग. तो अजून गेलेला नाही.

माझी ही मोठी बहीण शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर तिला बदकांचं वेड लागलं. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी मी तिला चौबे कॉलनीतल्या तिच्या घरून घ्यायचो आणि शहराबाहेरच्या जलाशयावर न्यायचो. तिथे उत्तरेकडून आलेली लालसरी बदकं उतरायची. नराचं डोकं नारिंगी, फुगलेलं, चोच लालभडक. बुडी मारून तो शेवाळाचा झुपका वर आणायचा आणि मादीपुढे ठेवायचा. पसंत पडला तर ती खायची, नाहीतर सरळ पाठ फिरवायची. "पाह्य, पोट्टा पुन्हा नापास झाला," ताई पुटपुटायची. स्वतः लग्न न केलेल्या बाईला दुसऱ्यांच्या जोड्यांचं एवढं काय, असं माझी बायको म्हणायची. ताई नुसती हसायची.

या जानेवारीत तिच्या पोटात दुखायला लागलं. एका रविवारी तिला स्टुलावरून उठताच येईना. मी म्हटलं, "उद्याच सोनोग्राफी करू."

"काहून घाई करून राहिला? आता कुठं जोड्या जमून राहिल्या. एकदा ॲडमिट केलं की मले कोण सोडते? लालसरी गेल्या की बघू."

मी चिडलो, वाटभर बोललो नाही. बस, एवढंच केलं. पुढच्या रविवारी पुन्हा गाडी घेऊन तिच्या दारात हजर... जबरदस्तीनं नेलं असतं तर तिनं चार दिवस अबोला धरला असता, एवढंच ना? पण पन्नाशी उलटली तरी तिचं ऐकायची सवय सुटली नव्हती. मार्चअखेर बदकं गेली आणि ती आपणहून म्हणाली, "चल आता." डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मलाच विचारलं, "पहले क्यों नहीं लाए?" काय सांगणार होतो... बदकांचं जमत होतं म्हणून?

गाडीतली माझ्या शेजारची सीट अजून तशीच मागे झुकलेली आहे. फेब्रुवारीत परतताना ताई ती पार आडवी करून डोळे मिटून पडायची. "लवकर उठले ना, झोप येते," म्हणायची, आणि मी शहाण्यासारखा रेडिओचा आवाज कमी करायचो. परवा शंकर नगरात आमच्या घरासमोर बायको गाडीत बसताना ती सीट सरळ करायला लागली, तर मी तिच्यावर ओरडलो. ती मागचं दार उघडून मागे बसली.