आक्कानं दोन्ही अर्ध्यांत गाळ टाकला

१० ऑगस्ट, अनगोळ, बेळगाव.

इतके महिने या ब्लॉगवर फिरकलो नाही, माफ करा. लिहायला होतं, पण खात्रीचं काही नव्हतं... आजही नाही.

काल निपाणीजवळ आक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या रानात गेलो होतो. तिची नदीकाठची पट्टी वाळूसर. पाणी टिकत नाही, आणि बोअरच्या खारट पाण्यानं वर पांढरा थर साचतो. मूग दोन पानांवर आला की करपायचा.

म्हणून उन्हाळ्यात तळ्यातला चिकण गाळ आणून पसरायचं ठरलं. माझा आग्रह एवढाच, की अर्ध्याच पट्टीत टाकायचा. गाळानं फरक पडतो का, ते कळायला नको?

काल बघतो तर मूग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच हिरवा. मी बेळगावला परतल्यावर आक्कानं उरलेल्या अर्ध्यातही गाळ टाकला होता.

“अरं, एका लेकराला जेवाय वाढायचं आन् दुसऱ्याला नुसतं बघत बसवायचं व्हय? मूग आलाय न्हवं, मग तोंड कशाला पाडतोस?”

कारण बांधापलीकडं उभं होतं... शेजारचे आप्पा. त्यांची पट्टीही तशीच खारट. आक्काचा मूग बघून त्यांनाही माती टाकायचीय, पण तळं आता भरलंय, आणि त्यांना हरभऱ्याच्या पेरणीआधीच उरकायचंय. म्हणून वरच्या चांगल्या रानातली काळी माती काढून खाली टाकणार.

“तू नुसतं व्हय म्हण, सुगी झाली की जेसीबी लावतो.”

यंदा पाऊसही लई झाला. मीठ त्यानंच धुऊन नेलं असेल तर? आणि काळं रान एकदा खरवडलं की पुन्हा तसं होत नाही. मी आप्पांना “बघून सांगतो” म्हणालो... काय बघणार होतो, कुणास ठाऊक.

आक्काला माझी घालमेल दिसली असावी. “बरं बाबा. येत्या उन्हाळ्यात माझ्या खालच्या, तसल्याच खारट तुकड्यात गाळ टाकायचा हाय. त्यातला कुठला कोपरा उपाशी ठिवायचा, तूच दाव.”

मी सगळा तुकडा फिरलो. शेवटी नदीकडचा एक छोटा कोपरा दाखवला... आणि निघताना मला त्याच्याकडं नीट बघवलं नाही. आक्काचं म्हणणं तेव्हा कळलं. तरी कोपरा बदलला नाही.

उद्या: आप्पांना फोन करून “मला माहीत नाही, एक उन्हाळा थांबा” एवढं सांगणे.