सहा दिवस कुणी लिहिले?

"सर, चौदा फेऱ्या स्लाइडवर फार वाईट दिसतात. नऊ करा ना," मिलिंद म्हणाला. हा आमचा प्रोजेक्ट हेड, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मी अणदूरला घरी बसून व्हिडिओ कॉलवर होतो. रिटायर झाल्यावर एका खासगी कंपनीच्या चांद्रमोहिमेला सल्ला देत होतो.

"करा म्हणजे? ते गणित आहे, मिलिंद."

"मग गणित बघा परत."

भानगड अशी होती. माणसांना चंद्रावर उतरवणारं यान पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचतं तेव्हा त्याची टाकी जवळजवळ रिकामी असते. मग टँकर रॉकेटं फेऱ्या मारत खालून इंधन आणून तिथं भरतात. रॉकेट परत उतरतं, तपासून पुन्हा उडतं. या दोन उड्डाणांमधल्या काळाला टर्नअराउंड म्हणतात. इंधन अतिथंड द्रव असल्यामुळं वर थांबलं की वाफ होऊन उडून जातं. त्याला बॉइल-ऑफ म्हणतात. टर्नअराउंड वाढला की बॉइल-ऑफ वाढतो आणि तो भरून काढायला फेऱ्याही वाढतात. आमच्या भागात टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मिलिंदला चार वेळा सांगितलं.

हिशेबाची शीट वैशालीची. मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या लोहाऱ्याची, त्यामुळं मला सर न म्हणता काका म्हणायची. तिनं टर्नअराउंड बारा दिवस धरला होता. बरोबर धरला होता.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. वरून उत्तर आलं की आपण गणित उलटं चालवत त्या उत्तराला शोभेल असं गृहीत शोधतो. मी तिची शीट उघडली. गृहीतकांच्या पानावर कुणी फिरकत नाही. तिथं बाराचे सहा केले आणि फेऱ्या नऊ झाल्या. "तयार केले" या चौकटीत वैशालीचं नाव तसंच राहिलं. "तपासले" या चौकटीत माझं.

बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीपुढं रिव्ह्यू झाला. एका बाईंनी नेमकं तेच पान उघडलं.

"सहा दिवस कुठून आले? उड्डाण रखडलं तर टाकी अर्धवट राहील. माणसं उतरतील, पण वर यायला इंधन पुरेल का?"

"शीट वैशालीची आहे," मिलिंद लगेच म्हणाला.

"मी बारा लिहिले होते," वैशाली म्हणाली.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "तपासून सांगतो."

काय तपासणार होतो, कपाळ? पुढच्या आठवड्यात तिला टीममधून काढलं, तरी माझं तपासणं चालूच होतं.

महिन्याभरानं तिचा लोहाऱ्याहून फोन आला. भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, मी बाराच लिहिलं होतं ना ओ? आता मलाच डाऊट यायलाय. घरी भाजीचा हिशोब पण दोनदा करायलेय."

"बाराच होतं," मी म्हणालो. "सहा मी केले."

ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा की."

जुनी शीट आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद मी त्याच दिवशी समितीला पाठवली. मिलिंदचा फोन आला.

"सर, हे आपण आपसात मिटवलं असतं."

"आपसात मिटवलं म्हणूनच तर ही वेळ आली."

आराखडा पुन्हा चौदा फेऱ्यांवर आला. आधी माणसांविना इंधन भरून दाखवायचं असं ठरलं, त्यामुळं तारीख पुढं गेली. मला काढलं, ते योग्यच झालं. वैशालीला परत बोलावलं. तिनं आधी कंपनीकडून चूक तिची नव्हती असं लेखी घेतलं, मगच गेली. मला तिचा फोन येत नाही. मीही करत नाही.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शीट तपासल्या. त्यातून कळलं ते एवढंच: आकडा बदलायचा असेल तर शेजारचं नावही बदलावं. तिथं स्वतःचं नाव लिहिताना हात अडखळला, तर आकडा होता तसा ठेवावा.