ताईच्या गळ्यात पडलेलं कासव

आमच्या शहरातले निम्मे म्हातारे ताईच्या दातांनी हसतात. फुशारकी नाही मारत. ताई आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, गुलाबी मेणाच्या हिरड्या कोरतो आणि त्यात एकेक दात बसवतो. माझे दात अगदी ओळीत उभे असतात. ताई मात्र एखादा दात मुद्दाम किंचित तिरका लावते. "इतके सरळ दात देवानं तरी कोणाला दिलेत?" असं तिचं म्हणणं. ती कवळी घातली की माणसाला आपलंच तोंड परत मिळाल्यासारखं वाटतं.

असा हात आहे बाईचा. आणि घरी तिची किंमत काय, तर "ताई आहे ना."

ताईचं लग्न झालं नाही. म्हणजे होऊ शकलं नाही असं नाही. आधी वडील आजारी पडले, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईनं अंथरूण धरलं. दर वेळी कोणीतरी "ताई आहे ना" म्हणालं आणि विषय मिटला. आता घरात तो भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि ताई. वहिनी बँकेत. भावाचं पंख्यांचं आणि दिव्यांचं दुकान. सकाळी सगळ्यांचे डबे भरून ताई कामावर येणार, संध्याकाळी घरी गेली की पर्स खुंटीला लावून थेट ओट्याशी. वाईट माणसं नाहीत हो ती. तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर ताईनं केव्हाच काढता पाय घेतला असता.

हिवाळा संपता संपता ताईची आई गेली. पुढे काही आठवड्यांनी ताईला एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. समुद्राकाठच्या एका शहरात तिची स्वतःची कवळ्यांची लॅब आहे. म्हणाली, माझ्याकडे ये, एक खुर्ची रिकामी झाली आहे, वरच्या मजल्यावर राहायला खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. ताईनं मला हे सांगितलं ते मेण कोरायची सुरी खाली ठेवून. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण चेहरा सहलीला निघालेल्या मुलीचा.

"घरी बोललीस का?" मी विचारलं.

"आज बोलते. महिनाअखेरीला निघणार म्हणून सांगते."

बोलली. भाऊ म्हणाला, "अगं जा की, बिनधास्त जा, आम्ही काय अडवतोय?" आणि त्याच आठवड्यात घरात कासव आलं.

खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे. वयामुळे त्यांना एकट्याला झेपेना, म्हणून मुलगी न्यायला आली. तिच्या इमारतीत प्राणी ठेवायला बंदी. टेम्पो खाली उभा, हमाल खोळंबलेले, त्या गडबडीत ती काकांनी पाळलेल्या कासवाचा खोका घेऊन ताईच्या दारात आली. ताई तेव्हा माझ्यासमोर बसून कोणा आजीबाईंची खालची दाढ घासत होती. दार भावानं उघडलं. तुम्ही याला सांभाळाल का, हे त्या मुलीनं पुरतं विचारलंही नसेल, साहेबांनी खोका हातात घेतला. "सांभाळू की, ताई आहे ना."

आता तुम्हीच सांगा, कासव म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? पाणीच ना? आपल्याकडे विहिरीतलं ते कासव, समुद्रातलं ते कासव आणि रानात पाला खात फिरणारं तेही कासवच. वेगळा शब्द कोणी करायच्या भानगडीत पडलं नाही. भावानं माळ्यावरून आईच्या अंघोळीचा टब काढला, त्यात पाणी भरलं, मधोमध एक वीट ठेवली आणि पाहुण्याला आत सोडलं. पाहुणा हे नाव मुलांनी ठेवलं. पाहुणा चारी पाय मारत टबाच्या कडेकडेनं फिरायचा, प्लास्टिकवर नखं घासायचा, दमला की विटेवर चढून मान टाकायचा. मुलं टाळ्या वाजवायची. वहिनीनं मोबाईलवर व्हिडिओ काढून अख्ख्या बँकेला दाखवला. "बघा कसं मजेत पोहतंय, लगेच रमलं." तो व्हिडिओ ताईनं मलाही दाखवला आणि आम्ही दोघी खूप हसलो.

पाहुणा सगळ्यांचा, पण करायचं ताईनं. रोज सकाळी डबे भरून झाले की टब रिकामा करायचा, घासायचा, पुन्हा भरायचा. गार लागू नये म्हणून थोडं कोमट पाणी घालायचं. दुकानातून माशांचं खाणं आणलं, सुकी कोळंबी आणली. पाहुणा कशाला तोंड लावेना. ताईचा जीव टांगणीला. महिनाअखेर आली आणि ताई म्हणाली, "खायला लागलं की निघते. असं उपाशी टाकून कसं जाऊ?"

"भावाकडे दे की," मी म्हटलं.

"तो म्हणतो, आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"आणि तुला कळतं? तू काय कासवांत वाढलीस?"

ताईनं मान खाली घालून पुढचा दात घासायला घेतला. मला तिच्या गप्प बसण्याचा इतका राग येतो की सांगता सोय नाही. एरवी मी कोणाचं वाईट चिंतणारी बाई नाही, पण तिच्या भावानं कासवाला पाण्यात ठेवलं आणि मी त्याला पाण्यात पाहू लागले. मैत्रिणीनं मुदत वाढवून दिली, वर स्पष्ट सांगितलं की फार दिवस खुर्ची रिकामी ठेवणं परवडायचं नाही, कामं अडतात.

एके दिवशी ताई कामावर आली ती डोळे सुजवून. पाहुण्याच्या नाकातून बुडबुडे येत होते, डोळे चिकटले होते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. आता माझं टाळकं सरकलं. जेवणाच्या सुट्टीत मी तिला रिक्षात घातलं, तिच्या घरी जाऊन पाहुण्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाहुण्याला उलटं करून पोटाकडची बाजू दाबून पाहिली. तिथे पांढरट, मऊ डाग पडले होते.

"कुठे ठेवता याला?"

"टबमध्ये," ताई म्हणाली. "रोज पाणी बदलते मी. एक दिवस चुकवलं नाही."

डॉक्टरांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं. मग पाहुण्याचा एक पाय हलकेच बाहेर ओढून दाखवला. जाडजूड, खवल्यांचा पाय, बोटांत पडदा नाही. "हे जमिनीवरचं कासव आहे. याला पोहता येत नाही."

"असं कसं? दिवसभर पोहत असतं की ते," ताई म्हणाली. "आमच्याकडे व्हिडिओ आहे."

"पोहत नव्हतं, बाई. बाहेर पडायला बघत होतं."

ते रागावले नाहीत, उलट अशी चूक खूप जण करतात म्हणाले. इंजेक्शन दिलं, थेंब दिले. कोरडा खोका, खाली गवत, वर ऊब देणारा दिवा, खायला पाला, प्यायला उथळ बशीत पाणी. जगेल का विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही, पण यातून उठलं तर अजून चाळीसेक वर्षं सहज काढेल.

बाहेर आल्यावर ताई दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली. मांडीवर तो टॉवेल. मला वाटलं रडेल. पण ती भलतीच संतापली होती. मी तिला इतकं संतापलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"ते जिवाच्या आकांतानं हातपाय मारत होतं आणि आम्ही टाळ्या पिटत होतो," ती म्हणाली. "रमलं म्हणे. माझ्याबद्दल पण घरात हेच चालतं, माहितेय? आल्यागेल्यांना सांगतात, आमची ताई घरात इतकी रमलीये ना. मी शेजारी उभी असते चहाचा ट्रे घेऊन. मान डोलावते."

मी म्हटलं, "मग जा ना. उद्याच जा. याला माझ्याकडे दे."

"याच्या नाकात थेंब कोण घालणार, तू? तुला झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतेस तू." ते खरं होतं. "थोडं उठू दे त्याला. आत्ता पुन्हा माणूस बदलला तर हाय खाईल ते."

घरी तिनं सगळं सांगितलं. भावाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. दुकानातून एक चांगला दिवा घेऊन आला, स्वतः बसवून दिला. आणि दिवा लावता लावता म्हणाला, "आता तर तुझं जायचं राहिलंच म्हणायचं. चाळीस वर्षांचा बंदोबस्त झाला." सगळे हसले. ताईनं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातून साचा निसटला आणि दोन तुकडे झाले.

पाहुणा मेला नाही, सुधारलाही नाही. तसाच खोक्यात मान आत ओढून पडलेला. ताई त्याला कामावर आणू लागली. टेबलाच्या दिव्याखाली एकीकडे मेणाच्या हिरड्या, एकीकडे हा. ती समुद्राबद्दल बोलेनाशी झाली. एकदा फक्त म्हणाली, "हे मला पुरून उरणार गं," आणि हसली, पण ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

मग एका दुपारी काय झालं, ताई कोणाच्या तरी पुढच्या दातांची छटा जुळवून बघत होती आणि खोक्यातून कर्रकन आवाज आला. मुळ्याचं पान. पाहुण्यानं मान पार बाहेर काढून पानाचा मोठा तुकडा तोडला होता आणि तो हिरवा जबडा हलवत आमच्याकडे बघत होता. ताई रडली, मीही रडले, शेजारी कवळ्यांना पॉलिश करणाऱ्यानं मशीन बंद करून विचारलं, कोण गेलं?

ताईनं तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. "येते," म्हणाली, "आता नक्की येते." पलीकडून बोललेलं मला ऐकू आलं नाही. ताई नुसतं "बरोबर आहे, बरोबर आहे, तुझं काही चुकलं नाही" असं म्हणत राहिली. आदल्याच आठवड्यात त्या खुर्चीवर दुसरी बाई आली होती. वरची खोलीही तिला दिली होती.

फोन ठेवून ताईनं राहिलेला दात बसवला. किंचित तिरका. माझ्या ओठांवर जे येत होतं ते तिच्या भावाला ऐकवायच्या लायकीचं होतं, तिला नव्हे. दिवस संपेपर्यंत ती दात बसवत राहिली. निघताना एप्रन घडी करत म्हणाली, "तुझ्या सासूबाईंची गच्चीवरची खोली रिकामी झाली म्हणत होतीस ना?"

रविवारी मी न्यायला गेले. एक बॅग आणि पाहुण्याचा खोका, बाकी काही नाही. भाऊ दारात उभा, चेहरा कसनुसा.

"अगं, दोन गल्ल्या सोडून राहायचं तर हे घर काय वाईट होतं? समुद्रावर गेली असतीस तर एक वेळ समजलं असतं."

"समजलं असतं ना? बरं," ताई म्हणाली.

"पण संध्याकाळी येशील ना रोज?"

"येईन की. स्वयंपाक झाला की फोन कर. जेवायला येईन."

भावानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं ओट्याकडे पाहिलं. ताईनं चपला घातल्या आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी मी वर गेले तेव्हा ती चांगले कपडे घालून खाटेवर बसली होती, फोन शेजारी पालथा घातलेला. पाहुणा दिव्याखाली झोपला होता. फोन आला का, हे मी विचारलं नाही. कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं होतं, झाकण उचलून पाहिलं तर काठोकाठ भात.

"ताई, एवढा कोणाला?"

ती उठून आली, माझ्या शेजारी उभी राहून पातेल्यात बघत राहिली. घरच्या पाचही जणांना पुरून उरला असता.

"हात थांबलाच नाही गं," ती म्हणाली.