सुताची डांगरी

आमच्या ह्यांना कुणी नुसतं शिंपी म्हटलेलं चालत नाय. "मी डांगरीवाला," म्हणतात. पालीच्या बाजारात सखाराम डांगरीवाला म्हणून विचारा, कुणीही दुकान दाखवील. डांगरी म्हणजे बोटीवर नि कारखान्यात घालतात तो गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध पोशाख. तरुणपणी हे मुंबईला डोंगरीत नझीर मास्तरांकडे शिवण शिकले. मास्तर आपल्याच रत्नागिरीचे, बोटीवरच्या माणसांचे कपडे शिवायचे. पूर्वी म्हणे डोंगरीच्या किल्ल्याजवळ जाडंभरडं सुती कापड विकायला यायचं, गोरे खलाशी ते घेऊन जायचे. जागेचं नाव कापडाला लागलं, कापडाचं पोशाखाला, नि ते जगभर फिरून आलं. लग्न झाल्यापासून ऐकतेय, कान किटले माझे. शेवटी मास्तरांचं वाक्य ठरलेलं: "डांगरी म्हणजे सूत. घाम पिते, नि पेटली तर राख होते, अंगाला चिकटत नाय."

आता एवढं पाठ असलेल्या माणसानं फसावं? महिपत ठेकेदार लोट्याच्या एका कारखान्याला माणसं पुरवतो. आमचा जावई दीपक त्याच्याकडेच, वेल्डिंगच्या कामाला. महिपतनं दुकानात तागे आणून टाकले. "डांगरीचं कापड आहे काका, अख्ख्या पाळीला शिवा." ह्यांनी जाडी बघितली, डांगरीचं म्हणजे सुतीच असं धरलं नि कात्री चालवली. जावयाच्या अंगावर आपली शिवण म्हणून काय तो तोरा!

शिमग्याला दीपक आणि आमची लेक वेदिका आली. दीपकच्या डांगरीला ठिणगीनं बाहीवर भोक पडलेलं. "बाबा, ठिगळ लावून द्या." ह्यांनी भोकावरून बोट फिरवलं नि तोंडच उतरलं. कडेला मण्यासारख्या कडक गोळ्या झालेल्या. आतली जादा पट्टी कापून काडी लावली. राख झालीच नाय, काळा थेंब ठिबकला.

"प्लास्टिक शिवलं मी, मैना. माझ्या हातानं."

"गप्प बसा," मी म्हटलं. "महिपतशी वाकडं घेतलंत तर ह्याची नोकरी जाईल." वेदिकाला सातवा लागलेला, माझा जीव त्यात.

"नोकरी दुसरी मिळेल. कातडी कुठून आणणार?"

ह्यांनी महिपतला फोन लावला, तर तो मेला हसला. "काका, डांगरी ती डांगरी. तुम्ही शिवणीचं बघा." माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

शिमगा संपल्यावर आम्ही दोघं एसटीनं लोट्याला गेलो. पाळीची माणसं नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, सगळ्यांच्या अंगावर ह्यांचीच शिवण. हे त्यांच्या मधोमध गेले, त्याच कापडाची पट्टी पेटवली, थेंब गळताना दाखवला. "ही डांगरी नाय रे पोरांनो. आगीत अंगाला चिकटेल. चूक माझी आहे. उतरवा ती."

मग सुजय नावाचा एक पोरगा पुढं झाला. "काका, आम्हाला ठाऊक आहे. ठिणग्या आमच्याच अंगावर पडतात ना? पण ही नाय घातली तर गेटच्या आत घेत नायत."

बस आली. एकेक जण चढला. शेवटी दीपक. "आई, ह्यांना घरी न्या," एवढंच म्हणाला.

परतताना मला रडू येत होतं नि रागही, कुणाचा ते कळत नव्हतं. घरी पोचल्यावर ह्यांनी सुती मांजरपाटाचा तागा काढला नि बाह्यांच्या बंड्या बेतून शिवायला घेतल्या. आतून घालायला. गेटवर वरचं बघतात, आतलं कोण बघतंय?

"उकाड्यात दोन-दोन कपडे? जीव जाईल पोरांचा," मी म्हटलं.

"घामानं जात नाय."

"मग पहिली दीपकची शिवा. उद्याच्या गाडीनं पाठवू."

"प्लास्टिक सगळ्यांना शिवलं. बंड्याही सगळ्यांच्या झाल्या की एकदम जातील."

"नि तोवर?" मी ओरडलेच. "तोवर काय?"

ह्यांनी मशीन तेवढं आणखी जोरात चालवलं.