उचलबांगडी काकू

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर लोक आधी माणसांकडे बघतात. आमच्या शेजारच्या शोभाकाकू आधी कपाटावर बघायच्या. मग दिवाणाखाली, मग दारामागे. एवढी पाहणी झाली की आईला विचारायच्या, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" आणि आईचं उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न टाकायच्या, "त्या वरच्या खोक्यात काय आहे जी?" आईच्या कपाळावर लगेच आठी. कारण खोक्यात काय आहे ते आईलाही ठाऊक नसायचं, आणि ते शोधायला काकू स्टुलावर चढणार हे मात्र पक्कं ठाऊक असायचं.

'उचलबांगडी काकू' हे नाव माझ्या बाबांनी ठेवलं. बाबा दिवसाला मोजकंच बोलणारे, पण कधीतरी असं एखादं ठेवून द्यायचे. हिंदी मुलखात, खमरियातल्या आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीत मराठी घरं थोडी, त्यामुळे नाव एका संध्याकाळीत सगळीकडे पोचलं. काकूंच्याही कानावर गेलं. आम्हाला वाटलं, आता भांडण. त्या म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे काम दिसून राहिलं लोकांना."

त्यांचं स्वतःचं क्वार्टर आमच्याच मापाचं, भिंतीला भिंत लागून. पण त्यांच्याकडे बोललं की आवाज घुमायचा. दोन खुर्च्या, एक पलंग, फळीवर मोजकी भांडी. कप चारच. पाचवा पाहुणा आला तर काका निमूट पेल्यातून चहा प्यायचे. तुम्ही डब्यातून काही नेलं, तर तुम्ही फाटकापर्यंत पोचायच्या आत डबा धुऊन, पुसून तुमच्या हातात. "ठेवा ना काकू, असू द्या," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "घर आपल्यासाठी आहे, का आपण घराचे चौकीदार हो?"

वस्तू फेकायच्या मात्र नाहीत हं. एखाद्यानं कचऱ्यात काही टाकलं तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "फेकायचं नाही. ज्याले लागते त्याच्या घरी पोचवायचं." जवळच्या पनागर गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या घरी आमचा जुना पाळणा गेला, तो काकूंनीच पोचवला. आईला दोन दिवसांनी कळलं.

सगळ्यात मोठा गहजब झाला संक्रांतीला. हळदीकुंकवाला वाण म्हणून बायका बाजारातून चाळण्या आणतात, वाट्या आणतात, प्लास्टिकचे डबे आणतात आणि लुटतात. काकूंनी एका वर्षी घरातलंच लुटलं! आपल्याच फळीवरची भांडी घासून, पुसून, हळदकुंकू लावून बायकांच्या हातात ठेवली. काय बोलल्या बायका! "वापरलेलं वाण देते? लाज आहे का काही?" आईच्या वाट्याला लोखंडी तवा आला. आई तणतणत घरी आली, तवा मोरीत आपटला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर धिरडी घातली. एकही चिकटलं नाही. पुढच्या वर्षी चांगलं काहीतरी पदरात पडावं म्हणून सगळ्यात आधी काकूंच्या दारात कोण उभी? आमच्या मातोश्री.

अशा या दोघी. एक काही सोडेना, दुसरी काही ठेवेना, आणि तरी वीस-बावीस वर्षांची मैत्री. चहा झाला की मधल्या भिंतीवर लाटण्यानं ठोकायचं, ही त्यांची पद्धत. मला तो आवाज घड्याळापेक्षा जास्त सवयीचा झाला होता.

मग बाबा रिटायर झाले. शहरात मदनमहालकडे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, एक आई-बाबांची खोली, एक माझी. जानेवारीअखेर क्वार्टर खाली करायचं होतं. बाबांनी एका दुपारी सगळ्या सामानाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि सरळ शेजारी जाऊन म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच या."

काकू आल्या त्या पदर खोचूनच. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि एकच विचारायचं, "वहिनी, याले शेवटचा हात कधी लागला?" बंद मिक्सर, कूलरचं गंजलेलं स्टँड, मिठाईच्या डब्यांचं पोतं. आई एकेका वस्तूसाठी भांडत होती, पण हरत होती, आणि हरताना थोडी हसतही होती. बाबांच्या हत्यारांच्या पेटीला मात्र काकूंनी हात लावला नाही. "ही रोज उघडते. ही चालली तुमच्याबरोबर." आठवडाभरात घर ओळखू येईना.

उरल्या मधल्या खोलीतल्या दोन लोखंडी पेट्या.

त्या पेट्यांबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. त्यांच्यावर आईनं भरलेली चादर, चादरीवर टीव्ही. आत माझं लग्न होतं. मी शाळेत होते तेव्हापासून दर धनत्रयोदशीला आई एक भांडं घ्यायची आणि दुकानातच त्याच्यावर माझं नाव घालून घ्यायची. दुकानदार विचारायचा, "पूरा नाम?" आई सांगायची, "नहीं भैया, बस मंजिरी. आगे जगह छोड़ दो." त्या सोडलेल्या जागेत पुढं सासरचं आडनाव येणार होतं. आधी मला गंमत वाटायची, मग लाज, मग नुसता राग. स्थळं आली नि गेली. तिशीत मी आईला स्पष्ट सांगितलं की मला लग्न करायचंच नाही, शिकवायला माझी शाळा आहे, मी सुखी आहे. आईनं ऐकून घेतलं. त्या वर्षी तिनं दुसरी पेटी घेतली.

आता मी छत्तीसची. आणि नव्या फ्लॅटमध्ये पेट्यांना जागा एकच, माझी खोली. बाबा हळूच तसं म्हणालेही. माझं डोकं फिरलं. रोज सकाळी डोळे उघडले की समोर माझं न झालेलं लग्न, कुलूप लावून! जेवताना मी सांगून टाकलं, "पेट्या तिथं येणार असतील तर मी येणार नाही. शाळेजवळ खोली बघते." बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "बघ मग." माझ्याकडे न बघता म्हणाली. तिची बीपीची गोळी त्या दिवशी ताटाशेजारी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी टीव्ही खाली ठेवून काकूंनी पेटीवरची चादर उचलली मात्र, आई स्वयंपाकघरातून आली आणि पेटीवर बसली. अक्षरशः बसली, मांडी घालून.

"वहिनी, उठा न."

"हात लावून तर पाहा, शोभा."

"काहून असं करून राहिल्या? पोरगी घर सोडून चालली, दिसत नाही का तुम्हाला?"

"तुला मुलगी असती तर कळलं असतं!" आई ओरडली.

काकूंना एक मुलगाच होता. मुलीसाठी त्यांनी काय काय केलं होतं, किती दवाखाने केले होते, हे सगळ्यांत जास्त आईलाच माहीत. काकूंचा चेहरा एकदम उतरला. चादर त्यांनी नीट घडी करून आईच्या बाजूला ठेवली, "चलो," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर भिंत गप्प झाली. चहा व्हायचा, लाटणं ओट्यावरच पडून राहायचं. आई दुपारी पेटीवर बसून शेंगा सोलायची. मी शाळेतून येताना दोन खोल्या बघून आले. एक पसंतही केली, पण घरी सांगायला तोंड उघडेना. बाबा आतबाहेर करायचे. कोणी रागावून बोलतही नव्हतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. ट्रक ठरला होता. पेट्यांचं ठरलं नव्हतं, माझंही नव्हतं.

संक्रांतीनंतर आईनं त्या घरातलं शेवटचं हळदीकुंकू ठेवलं. बोलावणं करायला घरोघर गेली, काकूंचं दार सोडून. त्या दिवशी मी शाळेत होते, म्हणून पुढचं मला बाबांनी सांगितलं. सकाळीच काकू मागच्या दारानं आल्या.

"वहिनी, मी उचलायला नाही आली. पाहायला आली."

"काय पाहायला?"

"मंजूचं रुखवत. इतक्या वर्षांत एकदा तरी कोणाला दाखवलं का तुम्ही? रुखवत मांडायचं असते जी. कुलपात काहून ठेवलं?"

बाबा म्हणतात, आईचे डोळे भरून आले. खरंच होतं ते. इतकी वर्षं तिनं एकेक भांडं निवडून आणलं, पण कुणी "बघू तरी" म्हटलं नव्हतं. आम्ही त्या पेट्यांवरून नजर चुकवूनच वावरलो. चावी तिच्या कमरेलाच होती.

संध्याकाळी मी घरी आले तर दारात चपलांचा ढीग, आणि मधल्या खोलीत माझं लग्न मांडलेलं! पलंगावर, टेबलावर आईच्या साड्या अंथरलेल्या, त्यांच्यावर डबे, पातेली, ताटं, तांबे, उतरत्या मापानं ओळीत. प्रत्येकावर मंजिरी, मंजिरी, मंजिरी, आणि पुढं कोरी जागा. वसाहतीतल्या बायका वाकून वाकून बघत होत्या.

"हे काय चाललंय?" वर्गातसुद्धा माझा आवाज कधी एवढा चढला नसेल. सगळ्या वळून बघायला लागल्या.

काकू दाराशीच होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब मंजू. एक मिनिट थांब."

आई माझ्याकडे बघत होती. हातात हळदीकुंकवाचा करंडा. तिनं करंडा खाली ठेवला, सगळ्यात मोठा डबा उचलला आणि समोर उभ्या असलेल्या तिवारी भाभींच्या हातात दिला. म्हणाली, "हमारी मंजू को शादी नहीं करनी है, भाभीजी. बर्तन अच्छे हैं. लीजिए."

घरात मराठीत जे कधी तोंडातून निघालं नाही, ते आई हिंदीत बोलून गेली. मग पुढच्या बाईला मराठीत. मग तिच्या पुढच्या बाईला. प्रत्येकीला तेच सांगत होती, आणि दर खेपेला तिचा आवाज थोडा स्थिर होत होता. मी तिथंच उभी राहून ढसाढसा रडले, सगळ्यांसमोर. तिवारी भाभींनी एका हातानं डबा सांभाळत दुसऱ्या हातानं मला जवळ घेतलं.

शेवटी काकूंनी एक तांब्या उचलला. आई देता देता थांबली. "शोभा, तू घेऊन राहिलीस?"

"काहून? मी हळदीकुंकवाला नाही आली का?" असं म्हणून काकू तांब्या पदराखाली घालून गेल्या. थोड्या वेळानं भिंतीवर ठोका पडला. आईनं धावत जाऊन लाटणं शोधलं आणि उलट ठोका दिला.

आम्ही तिघंही फ्लॅटवर राहायला आलो. माझ्या खोलीत पलंग, टेबल, पुस्तकं आणि खिडकी आहे. काही नवीन घ्यायचं मनात आलं की मला काकूंचा प्रश्न ऐकू येतो, आणि निम्म्या वेळा मी दुकानातून हात हलवत परत येते.

दीड-दोन वर्षांनी काकाही रिटायर झाले आणि दोघं मुलाकडे पुण्याला निघाले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. उभ्या संसाराच्या दोन बॅगा! आईनं गाडीत खायला डब्यात पुऱ्या दिल्या होत्या. काकूंनी बर्थवर बसून पुऱ्या कागदात काढल्या, डबा पुसला आणि खिडकीतून परत दिला. आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. गाडी हलायच्या बेतात असताना काकूंनी पिशवीतून तो तांब्या काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तुझा. मी पाणी पीत होती यातून. आता तिकडे मुलाचं भरलेलं घर आहे, कशाला न्यायचा?" मला वाटलं, जाता जाता हीसुद्धा उचलबांगडीच. नीट बोलणंही झालं नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही. वर्षभरात पुण्याहून त्या गेल्याचाच फोन आला.

पण त्या दिवशी स्टेशनवरून परतताना रिक्षात तांब्या आईच्या मांडीवर होता. ती उगीच त्याच्यावरून हात फिरवत होती. मधेच तिचा अंगठा थांबला.

"मंजू, हे बघ."

मंजिरी. आणि त्याच्यापुढं, आईनं भैयाला सांगून सोडलेल्या त्या जागेत, नवी, जरा जास्त चकचकीत अक्षरं होती: देशकर. आमचंच आडनाव. माझंच.

आमच्या घरातून आयुष्यभर वस्तू बाहेर काढणाऱ्या बाईनं परत आत पाठवलेली ही एकच वस्तू. आईनं ती अक्षरं पदरानं पुसून पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "हे मी करायला पाहिजे होतं गं."

घरी आल्यावर तिनं साडीसुद्धा बदलली नाही. तांब्या घासला, पाण्यानं भरला, आणि माझ्या खोलीत येऊन माझ्या उशाशी ठेवला.